मळ्यांचा भाडेपट्टा आणि मळ्यांतली माणसे : श्रीलंकेच्या राष्ट्राध्यक्षांना खुले पत्र

मा. अनुरा कुमारा दिसानायके
राष्ट्राध्यक्ष, श्रीलंका

महोदय,

श्रीलंकेच्या मध्यवर्ती डोंगराळ प्रदेशातील चहाचे बहुतेक सगळे मोठे मळे आज ज्या भाडेपट्ट्यांवर चालतात, त्यांची मुदत २०४५ मध्ये संपते. १९९२ मध्ये सरकारी मळे खासगी व्यवस्थापनाकडे सोपवले गेले तेव्हा सुरू झालेली ही व्यवस्था आता उतरणीला लागली आहे. मळा कंपन्या मुदतवाढ मागत आहेत, आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या २०२३ पासूनच्या कार्यक्रमामुळे सरकारी उद्योगांचा तोटा खजिन्यातून भरून काढणे अवघड झाले आहे, आणि जनता इस्टेट विकास मंडळ व श्रीलंका राज्य मळा महामंडळ या दोन सरकारी संस्थांकडे अजूनही उरलेल्या मळ्यांचे काय करायचे, हा प्रश्नही आपल्याच सरकारपुढे उभा आहे. या सगळ्यांची उत्तरे ठरण्याआधी एक गोष्ट व्हावी, एवढ्यासाठी हे पत्र आहे. मळ्यांवर पिढ्यानपिढ्या राहणाऱ्या कुटुंबांच्या घराखालची जमीन, आणि तिच्या जोडीने कसण्याजोगा एक तुकडा, भाडेपट्ट्यातून वेगळा काढून त्या कुटुंबांच्या नावावर करून द्यावा, आणि मगच उरलेल्या जमिनीचा करार कोणाशी, किती वर्षांचा व कोणत्या अटींवर करायचा, याची चर्चा व्हावी.

या जमिनीचा इतिहास आपल्याला सांगण्याची गरज नाही, पण मराठी वाचकासाठी तो थोडक्यात मांडणे आवश्यक आहे, कारण तो माहीत नसेल तर पुढची मागणी भावनिक वाटेल. ब्रिटिश सरकारने १८४० च्या वटहुकुमाने, ज्यांच्या मालकीचा लेखी पुरावा नाही अशा वन आणि पडीक जमिनी राजसत्तेच्या ठरवल्या, आणि त्यामुळे कँडी प्रदेशातील सिंहली गावांची सामायिक वापराची डोंगरउतारावरची राने प्रथम कॉफीच्या व नंतर चहाच्या मळेवाल्यांकडे गेली. कॉफीच्या पानांवर १८६९ मध्ये तांबेरा पडला आणि पुढच्या काही वर्षांत ते पीक संपले. त्याच सुमारास, १८६७ मध्ये, जेम्स टेलर या स्कॉटिश मळेवाल्याने लूलेकंडेरा येथे १९ एकरांवर लावलेला चहा कॉफीच्या जागी पसरत गेला. कॉफीला मजूर हंगामापुरते लागत, चहाला बारमाही लागतात. म्हणून तमिळनाडूच्या कोरडवाहू जिल्ह्यांतून कंकाणींच्या, म्हणजे मजूर जमवून आणणाऱ्या आणि त्यांच्यावरच मुकादमकी करणाऱ्या मध्यस्थांच्या, हातून आणलेली माणसे तिथेच राहिली. प्रवासखर्चाची उचल त्यांच्या नावावर कर्ज म्हणून चढे, आणि ते फिटेपर्यंत मळा सोडण्याची सोय नसे. एकाच टेकडीवर जमीन गेलेले सिंहली शेतकरी आणि जमीन कधी मिळालीच नाही असे तमिळ मजूर, असे दोन वंचित समाज शेजारी शेजारी वसले, आणि पुढच्या राजकारणाने त्यांना एकमेकांविरुद्ध उभे केले.

स्वातंत्र्यानंतर या मजुरांचे नागरिकत्वच काढून घेण्यात आले. १९४८ च्या नागरिकत्व कायद्याने मळ्यांतील बहुसंख्य तमिळ लोक कोणत्याच देशाचे नागरिक राहिले नाहीत, आणि १९६४ मध्ये लालबहादूर शास्त्री व सिरिमावो भंडारनायके यांच्यात झालेल्या करारात ९ लाख ७५ हजार माणसांची वाटणी झाली, ज्यांपैकी ५ लाख २५ हजार भारताने आणि ३ लाख श्रीलंकेने स्वीकारायची व उरलेल्या दीड लाखांचा विचार नंतर करायचा असे ठरले. त्या दीड लाखांची निम्मी-निम्मी विभागणी १९७४ मध्ये इंदिरा गांधींच्या काळात झाली. या करारात भारताचा वाटा दोषमुक्त नाही, कारण ज्या माणसांविषयी दोन सरकारे बोलत होती त्यांना कोणीही विचारले नव्हते. नागरिकत्वाचा प्रश्न कायद्याने पूर्णपणे मिटायला २००३ साल उजाडावे लागले. म्हणजे १९७२ मध्ये जमीन सुधारणा आली आणि १९९२ मध्ये खासगीकरण आले, तेव्हा मळ्यांवर राबणाऱ्यांपैकी पुष्कळांना या निर्णयांवर मतपेटीतून काही म्हणण्याची संधीही नव्हती किंवा नुकतीच मिळू लागली होती.

१९७२ च्या जमीन सुधारणा कायद्याने खासगी मालकीची मर्यादा भातशेतीसाठी २५ एकर व इतर जमिनीसाठी ५० एकर ठरवली, आणि १९७५ च्या दुरुस्तीने ब्रिटिश व देशी कंपन्यांचे मळेही सरकारजमा झाले. दोन्ही टप्पे मिळून जवळजवळ दहा लाख एकर जमीन सरकारकडे आली, आणि देशातील चहाखालच्या क्षेत्राचा साठ टक्क्यांहून अधिक भाग तीत होता. जमीन कसणाऱ्याची, ही त्या काळी साऱ्या आशियात घुमणारी घोषणा होती. महाराष्ट्रातही ती तितक्याच जोराने दिली जात होती. श्रीलंकेत मात्र चहा कसणाऱ्याला जमीन मिळाली नाही. परकीय मालक गेला आणि त्याच्या जागी महामंडळ आले, पण पेरिया दोरै, म्हणजे मळ्याचा मोठा साहेब, त्याच बंगल्यात राहिला व मजूर त्याच चाळीत राहिले. काही मळ्यांतून तर तमिळ कुटुंबांना हुसकावून भोवतालच्या गावांतील भूमिहीनांना जागा करून देण्यात आली. १९७३ ते १९७५ या धान्यटंचाईच्या वर्षांत मळ्यांतील मृत्युदर एकाएकी वाढला, आणि हे घडले ते राष्ट्रीयीकरणाच्या ऐन काळात.

तरीही सरकारी मालकीचा काळ केवळ नासाडीचा होता, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. मळ्यांतील शाळा याच काळात सरकारी शिक्षणव्यवस्थेत आल्या, आरोग्यसेवेचा विस्तार होऊन बालमृत्यू घटले, आणि १९८४ च्या मोठ्या संपानंतर स्त्री-पुरुषांची रोजंदारी समान झाली, जी मागणी पूर्वीच्या मळा कंपन्यांनी शंभर वर्षे मान्य केली नव्हती. खासगीकरणाचा पुरस्कार करणाऱ्या लेखनात या गोष्टी सहसा एका ओळीतही येत नाहीत. दुसऱ्या बाजूने, महामंडळांच्या कारभारात नेमणुका राजकीय शिफारशीने होत, निर्यातकराच्या रूपाने चहाच्या भावाचा मोठा हिस्सा खजिन्यात जाई, आणि जुनी झाडे उपटून नवी लावण्याचा खर्च वर्षानुवर्षे पुढे ढकलला जाई. १९८३ च्या दंगली आणि १९८७ ते १९८९ चा सशस्त्र उठाव, ज्यात आपल्या पक्षाचा सहभाग होता आणि ज्याची झळ मळ्यांनाही लागली, यांची त्यात भर पडली. दशक संपता संपता मळे सांभाळणाऱ्या त्या दोन्ही सरकारी संस्था एवढ्या तोट्यात गेल्या की देशाच्या निर्यातीचा कणा असलेले पीक सरकारी खजिन्यावरचा बोजा झाले, आणि जागतिक बँक व आशियाई विकास बँक यांचा सुधारणांसाठीचा दबाव टाळणे सरकारला शक्य राहिले नाही.

जून १९९२ मध्ये साडेचारशेच्या आसपास मळे बावीस-तेवीस प्रादेशिक मळा कंपन्यांमध्ये विभागण्यात आले. आरंभी या कंपन्या सरकारच्याच मालकीच्या होत्या, आणि खासगी उद्योगसमूहांना पाच वर्षांचे व्यवस्थापनाचे कंत्राट देण्यात आले होते, ज्यात त्यांचा मोबदला नफ्याशी जोडलेला होता. या रचनेतला दोष लवकरच दिसला. पाच वर्षांसाठी आलेला व्यवस्थापक दहाव्या वर्षी फळ देणाऱ्या लागवडीत पैसा घालत नाही, आणि मालकी नसल्यामुळे बँकाही त्याला दीर्घ मुदतीचे कर्ज देत नाहीत. म्हणून १९९५ पासून कंपन्यांचे ५१ टक्के भाग व्यवस्थापन करणाऱ्या उद्योगसमूहांना विकण्यात आले, काही भाग शेअर बाजारातून जनतेला विकले गेले, १० टक्के कामगारांना विनामूल्य वाटण्यात आले आणि बाकीचे सरकारने स्वतःकडे ठेवले. जमीन मात्र विकली गेली नाही. ती १९९२ पासून ५३ वर्षांच्या भाडेपट्ट्याने देण्यात आली, आणि प्रत्येक कंपनीत सरकारने एक ‘गोल्डन शेअर’ राखला. गोल्डन शेअर म्हणजे असा एकच विशेष भाग, ज्याच्या आधारे सरकार अल्पमतात असूनही जमिनीच्या वापरातील बदल किंवा हस्तांतर रोखू शकते आणि कंपनीचे हिशेब तपासू शकते.

या भाडेपट्ट्यातील एक आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. १९९६ मधील फेररचनेपूर्वी एका अख्ख्या मळ्याचे वार्षिक भाडे ५०० रुपये होते. शेकडो एकरांचा मळा, त्यावरचा कारखाना, बंगले, रस्ते आणि चाळी यांचे हे भाडे. पुढे ते वाढवून देशातील सर्वसाधारण किंमतवाढीच्या निर्देशकाशी जोडण्यात आले, ही गोष्ट योग्यच झाली. पण पहिल्या चार वर्षांतल्या त्या नाममात्र रकमेतून त्या वेळच्या विचाराची दिशा कळते : मळे कसेही करून खजिन्याच्या अंगावरून उतरवायचे होते. त्या घाईत कंपनीकडून काय घ्यायचे याचा जेवढा विचार झाला, त्याहून कितीतरी कमी विचार, करारात ज्यांचा उल्लेख मळ्याबरोबर येणारे मनुष्यबळ एवढाच होतो त्या लाखो माणसांच्या निवाऱ्याचा झाला. त्यांच्यासाठी १९९२ मध्ये एक कल्याणकारी न्यास स्थापन झाला, जो आज मळा मानवविकास न्यास म्हणून ओळखला जातो. त्याने पाणी, शौचालये, पाळणाघरे यांत केलेले काम खरे आहे. पण न्यास सोयी देतो, हक्क देऊ शकत नाही.

खासगी कंपन्यांनी काही साधले नाही, असेही म्हणता येणार नाही. कारखान्यांचे आधुनिकीकरण झाले, हिशेबाला शिस्त आली, काही कंपन्यांनी आपल्या चहाला जागतिक बाजारात नाव मिळवून दिले, आणि नव्वदच्या दशकात चहाला बरे भाव आल्याने नफाही झाला. त्यांच्या कामगिरीचा खरा कस मात्र पुनर्लागवडीत, म्हणजे जुनी झाडे काढून नवी लावण्यात, लागतो, आणि तिथे चित्र निराशाजनक आहे. मळ्यांमधील झाडांचा मोठा भाग अजूनही बियांपासून वाढवलेल्या, शंभर वर्षांच्या आसपास वय असलेल्या झुडपांचा आहे, ज्यांचे उत्पन्न निवडक वाणांच्या कलमी रोपांच्या तुलनेत फार कमी असते. दरवर्षी सुमारे दोन टक्के क्षेत्राची पुनर्लागवड व्हावी, असा संकेत आहे. तो क्वचितच पाळला गेला.

यामागचे गणित साधे आहे आणि त्यात कोणाच्या चांगुलपणाचा प्रश्न नाही. एक टेकडी पुनर्लागवडीला घ्यायची, तर प्रथम जुनी झुडपे मुळासकट उपटावी लागतात. मग दमलेल्या मातीत माना किंवा ग्वाटेमाला जातीचे गवत लावून ते दीड-दोन वर्षे वाढू द्यावे आणि कापून तिथेच पसरावे लागते, म्हणजे जमिनीतला कस परत येतो. त्यानंतर सावलीची झाडे आणि रोपे लावली की आणखी तीन-चार वर्षांनी पहिली खुडणी हाती येते. एवढा काळ त्या टेकडीतून एक रुपया मिळत नाही, आणि गुंतवलेली रक्कम भरून यायला त्यापुढे दहा-बारा वर्षे जातात. आज हे काम हाती घेणाऱ्या कंपनीला त्याचे फळ मिळू लागते न लागते तोच भाडेपट्टा संपतो. साहजिकच कंपन्यांचा ओढा लवकर पैसा देणाऱ्या गोष्टींकडे वळला, ज्यांत तेलताडाची लागवड होती, जी २०२१ मध्ये सरकारला बंद करावी लागली. त्याच वर्षी रासायनिक खतांवर एकाएकी घातलेल्या बंदीने उरलेसुरले मळेही खचले. २०१३ मध्ये ३४ कोटी किलोच्या आसपास असलेले देशाचे चहा उत्पादन २०२२ मध्ये सुमारे २५ कोटी किलोवर आले. खताच्या बंदीचा दोष कंपन्यांचा नव्हता, सरकारचा होता. पण ज्या झाडांना ती सोसवली नाही ती म्हातारी झाडे ठेवण्याचा दोष दोघांचाही आहे.

झाडे म्हातारी झाली की त्याचा भार खुडणाऱ्या बाईच्या पाठीवर येतो. दोन कोवळी पाने आणि त्यांमधली कळी, एवढेच खुडायचे असते. दिवसाला साधारण १८ किलो भरले तर पूर्ण रोज मिळतो, आणि अनेक मळ्यांत त्याहून कमी भरल्यास ‘अर्धे नाव’ लागते, म्हणजे दिवसभर उतारावर उभे राहूनही अर्धी मजुरी. दिवसातून दोन-तीन वेळा पाने वजनकाट्यावर जातात, त्यातून पोत्याचे व पानांवरच्या ओलीचे म्हणून काही किलो वजा होतात, आणि ही वजावट किती असावी यावरून मळ्यांत वर्षानुवर्षे कुरबुरी चालू आहेत. नव्या वाणाच्या, दाट फुटव्याच्या टेकडीवर जे वजन दुपारपर्यंत भरते, ते शंभर वर्षांच्या विरळ झुडपांवर संध्याकाळपर्यंतही भरत नाही. म्हणजे भाडेपट्ट्याची मुदत कमी उरल्याने कंपनीने टाळलेला खर्च अखेर बाईच्या रोजातून कापला जातो.

मजुरीचा वाद यामुळेच कधी मिटत नाही. २०१९ च्या सामूहिक करारात, म्हणजे मालकांची संघटना व कामगार संघटना यांच्यातील ठराविक मुदतीच्या वाटाघाटीतून, मूळ रोज ७०० रुपये ठरला, तेव्हा कामगार १,००० रुपये मागत होते. २०२१ मध्ये सरकारने वेतन मंडळामार्फत १,००० रुपये लागू केल्यावर कंपन्या न्यायालयात गेल्या आणि सामूहिक कराराची प्रथाच मोडली. २०२४ मध्ये, रुपया कोसळून महागाईने सर्वांना भरडून काढल्यानंतर, रोज १,३५० रुपये झाला. आपल्या सरकारने २०२६ च्या अर्थसंकल्पात तो १,५५० रुपये करण्याचे ठरवून वर हजेरीपोटी २०० रुपये सरकारतर्फे देऊ केले. कामगारांना दिलासा मिळाला हे चांगलेच झाले, पण याचा अर्थही पाहिला पाहिजे. तोट्याचा बोजा नको म्हणून ज्या मळ्यांचे खासगीकरण झाले, त्यांच्या मजुरीचा काही भाग आज पुन्हा सरकारी खजिन्यातूनच जाणार आहे, आणि जमीन मात्र ना सरकारच्या ताब्यात आहे, ना कामगाराच्या.

दरम्यान देशाचा चहा दुसऱ्यांच्याच हातात गेला. श्रीलंकेतील चहाचे सुमारे तीन चतुर्थांश उत्पादन आज लहान शेतकरी करतात, जे मुख्यतः गॅल, मातारा, रत्नपुरा अशा सखल भागांतील, बहुतांशी सिंहली कुटुंबे आहेत, ज्यांच्याकडे एक-दोन एकरांचा स्वतःचा तुकडा असतो व जे पाने जवळच्या कारखान्याला विकतात. त्यांच्या पानांचा भाव ठरवण्याचे सूत्र कायद्याने ठरलेले आहे, ज्यानुसार तयार चहाच्या किमतीतील ६८ टक्के वाटा शेतकऱ्याला व ३२ टक्के कारखान्याला मिळतो. हा शेतकरी पुनर्लागवड करतो, कारण झाड त्याच्या मुलांसाठी उभे राहणार आहे. चहाला मोठा मळा आणि हुकमी मजूर लागतोच, हा दीडशे वर्षांचा समज या शेतकऱ्यांनी खोटा ठरवला आहे. मग ज्या समाजाने हे पीक या बेटावर रुजवले, तोच समाज या यशात का नाही, या प्रश्नाला एकच प्रामाणिक उत्तर आहे : त्याच्याकडे जमीन नाही.

कंपन्यांनाही हे उमगले आहे. गेल्या दहा-बारा वर्षांत अनेक मळ्यांत कुटुंबाला काही हजार झुडपांचा पट्टा नेमून देण्याची पद्धत सुरू झाली, ज्यात निंदणी, छाटणी, खत ही कामे कुटुंबाने करायची, खताचा खर्च हिशेबातून वळता व्हायचा आणि पाने कंपनीच्याच कारखान्याला द्यायची. जिथे ही पद्धत नीट चालली तिथे उत्पन्न वाढले आणि घरात पैसाही अधिक आला, हे मान्य केले पाहिजे. पण या पट्ट्यावर कुटुंबाचा कोणताही कायदेशीर हक्क नाही. कंपनी तो केव्हाही काढून घेऊ शकते, आणि कामगार म्हणून मिळणारा भविष्यनिर्वाह निधी व उपदान मात्र या बदलात निसटून जाण्याचा धोका असतो. जोखीम शेतकऱ्याची आणि हक्क मजुराचाही नाही, अशी ही अवस्था आहे. हीच पद्धत नोंदणीकृत हक्कासह आणि सामाजिक सुरक्षेसह राबवली, तर ती खासगीकरणाने निर्माण केलेला पेच सोडवू शकेल. आजच्या स्वरूपात ती २०४५ पर्यंत दिवस ढकलण्याची युक्ती आहे.

घरांचा प्रश्न याहून कठीण आहे, कारण तिथे जिवाशी गाठ आहे. मळ्यांतील हजारो कुटुंबे अजूनही ब्रिटिशांनी बांधलेल्या लयनांत, म्हणजे पाठीला पाठ लावून बांधलेल्या एका खोलीच्या घरांच्या चाळीत, राहतात. १९९२ नंतर कामावरच्या नोंदणीकृत कामगारांची संख्या निम्म्याहूनही खाली आली आहे, तरुण मुले कोलंबोला किंवा आखातात जात आहेत, पण घर मळ्यावरच आहे, आणि घरातील एकही माणूस मळ्यावर कामाला राहिला नाही तर तिथे राहण्याचा आधारच डळमळतो. भारत सरकारच्या मदतीने बांधलेल्या नव्या घरांसाठी कुटुंबाला सात पर्च, म्हणजे साधारण १,९०० चौरस फूट, जमीन देण्याचे धोरण ठरले. ते स्वागतार्ह आहे, परंतु अशी प्रत्येक जागा कंपनीच्या भाडेपट्ट्यातून सोडवून घ्यावी लागते आणि त्यात वर्षे जातात. ऑक्टोबर २०१४ मध्ये कोस्लंदजवळच्या मीरियाबेद्द मळ्यावर दरड कोसळून लयने गाडली गेली, तेव्हा त्या उताराच्या धोक्याचा इशारा आधीच दिलेला होता. माणसे तिथेच राहिली, कारण दुसरीकडे जायला त्यांच्या नावावर जागा नव्हती. नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस दित्वा चक्रीवादळाने कँडी, बदुल्ला आणि नुवारा एलिया जिल्ह्यांत शेकडो बळी घेतले. पुनर्वसन करायचे तर सुरक्षित उतार कोणते हे तज्ज्ञ सांगू शकतील, पण ते उतार कंपनीच्या पट्ट्यात असतील तर पुन्हा तीच रखडपट्टी होईल.

भाडेपट्टा संपताना मळ्यावरच्या माणसांचे काय होते, हे पाहायला २०४५ ची वाट पाहण्याची गरज नाही. तमिळनाडूच्या तिरुनेलवेली जिल्ह्यात मांजोलै येथील चहाचे मळे मुंबईच्या बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनकडे ९९ वर्षांच्या पट्ट्याने आहेत. पट्टा २०२८ मध्ये संपतो आणि जमीन व्याघ्र प्रकल्पाच्या क्षेत्रात येते. पट्टा संपण्याच्या चार वर्षे आधी, २०२४ मध्ये, कामगारांपुढे स्वेच्छानिवृत्ती घेऊन घरे सोडण्याचा पर्याय ठेवण्यात आला, आणि चार-पाच पिढ्या तिथे जन्मलेल्या कुटुंबांना आपण या डोंगरावर कोणत्या नात्याने राहत होतो, हे सांगण्यासाठी उच्च न्यायालयाचे दार ठोठावावे लागले. कंपनीने आणि सरकारने आपापल्या कागदांनुसार पावले उचलली. कामगारांपाशी कागदच नव्हता.

महाराष्ट्राचा अनुभवही याला जोडून आहे, आणि हे पत्र मराठीत लिहिले जाण्याचे कारण त्यातच आहे. १९६१ च्या कमाल जमीन धारणा कायद्याने खासगी साखर कारखान्यांच्या जमिनी सरकारजमा झाल्या आणि त्या कसण्यासाठी १९६३ मध्ये महाराष्ट्र राज्य शेती महामंडळ स्थापन झाले. या जमिनींचा मोठा भाग कारखान्यांनी मुळात शेतकऱ्यांकडून दीर्घ मुदतीच्या खंडाने घेतलेला होता. त्या खंडकरी शेतकऱ्यांनी आणि त्यांच्या वारसांनी जवळपास अर्धशतक झगडून जमिनी परत मिळवल्या, आणि तो न्याय होता. परंतु त्याच मळ्यांवर ज्यांनी आयुष्यभर ऊस तोडला, पाणी दिले, ते मळा कामगार महामंडळाच्या मोडक्या वसाहतींत घरापुरती जागा मागत राहिले. मूळ मालकाचा सातबारा होता म्हणून त्याचा हक्क पन्नास वर्षांनीही जिवंत राहिला. कामगाराच्या श्रमाची नोंद फक्त हजेरीपत्रकात होती, आणि हजेरीपत्रकाला वारस नसतो. श्रीलंकेने हा प्रसंग स्वतःवर ओढवून घेऊ नये.

या मागणीला होणारे आक्षेप हलके नाहीत. कँडी प्रदेशातील भूमिहीन सिंहली कुटुंबे विचारतील की १८४० मध्ये गेलेली जमीन आधी कोणाला परत मिळावी. त्यांचा दावा खरा आहे आणि तो मळा कामगारांच्या दाव्याने खोडला जात नाही. कंपन्यांच्या ताब्यात लागवड न केलेली, पडीक ठेवलेली जमीन बरीच आहे आणि तीतून दोन्ही समाजांना देता येईल. १९७२ प्रमाणे एका वंचिताला उठवून दुसऱ्याला बसवण्याची चूक तेवढी पुन्हा होता कामा नये. कंपन्या म्हणतील की सलग मळ्याचे तुकडे पडले तर कारखाना चालणार नाही. लहान शेतकऱ्यांच्या पानांवर चालणारे शेकडो कारखाने याचे उत्तर आहेत. उरलेल्या जमिनीसाठी कंपन्यांशी नवा करार जरूर करावा, आणि तो पुरेसा दीर्घ असावा, कारण अल्प मुदत हेच पुनर्लागवड न होण्याचे मूळ आहे. मात्र मुदत वर्षांच्या आकड्यावर न ठरता लावलेल्या क्षेत्रावर ठरावी, म्हणजे जी कंपनी ठरलेली पुनर्लागवड करील तिचाच पट्टा पुढे सरकेल, आणि जी करणार नाही तिच्याबाबत सरकारने राखलेला तो गोल्डन शेअर, जो आजवर बहुतेक वेळ कपाटातच राहिला, बाहेर काढावा. सरकारी महामंडळांच्या मळ्यांना ही अट आधी लागू करावी, कारण कामगारांच्या भविष्यनिर्वाह निधीची थकबाकी वर्षानुवर्षे ठेवणाऱ्यांत त्या संस्थाही आहेत, आणि सरकारने स्वतः न पाळलेली गोष्ट कंपन्यांना सांगणे शोभणार नाही.

महोदय, आपल्या पक्षाच्या आरंभीच्या शिकवणीत मळ्यांतील तमिळांकडे भारतीय विस्तारवादाचे हस्तक म्हणून पाहिले जात होते. ती शिकवण आपण आणि आपल्या सहकाऱ्यांनी मागे टाकली, २०२३ मध्ये हॅटन येथे मलैयह तमिळांच्या, म्हणजे डोंगरातल्या तमिळांच्या, हक्कांचा जाहीरनामा आपल्या आघाडीने मांडला, आणि २०२४ मध्ये नुवारा एलियाच्या मतदारांनी त्यावर विश्वास ठेवला. संसदेत आपल्याला दोन तृतीयांशांहून अधिक बहुमत आहे, आणि हे काम करण्यासाठी एवढे बळ असलेले सरकार पुन्हा केव्हा येईल हे सांगता येत नाही. म्हणून विनंती एवढीच आहे की प्रत्येक मळ्यावरील कुटुंबांची, त्यांच्या राहत्या जागांची आणि पडीक जमिनीची मोजणी करून ती सिंहली व तमिळ दोन्ही भाषांत मळ्याच्या फलकावर लावावी, हक्काचे कागद घरातील स्त्रीच्या नावासह द्यावेत, आणि हे होईपर्यंत एकाही मळ्याच्या भाडेपट्ट्याच्या मुदतवाढीवर आपल्या सरकारने सही करू नये.